पास नको, पावती फाडा

आमच्या गच्चीवरच्या दोरीवर काळे टी-शर्ट वाळत दिसले की गल्लीला कळतं, धाकटा पुण्याहून आलाय. एकावर कवटी, दुसऱ्यावर मुळ्यांच्या जंजाळासारखी अक्षरं. ती अक्षरं मला आजपर्यंत वाचता आलेली नाहीत. शेजारच्या आजींनी एकदा कुंपणावरून हळूच विचारलं होतं, "काय व माय, पोराले काही झालं का? कोनाले दाखवलं का त्याले?"

खरं सांगू का मैत्रिणींनो, तेव्हा मलाही तेच वाटत होतं. खांद्यापर्यंत केस, कानात ते यंत्र आणि त्यातून बाहेर झिरपणारा आवाज. गिरणीत दळण अडकल्यावर येतो ना, तसा. तो म्हणायचा, "आई, हे मेटल आहे." मी म्हणायची, "धातू आहे ते ऐकूच येतंय."

आता थोडी माहिती झाली म्हणून सांगते. या संगीताचा जन्म इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा, कारखान्यांच्या गावचा. 'ब्लॅक सब्बाथ' या बँडचा पहिला अल्बम १९७० चा. त्यातला गिटार वाजवणारा टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वय सतरा, नोकरीचा शेवटचा दिवस, आणि यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, तारा सैल लावल्या आणि पुन्हा वाजवायला बसला. पुढे त्या सैल तारांमुळेच आवाज जड झाला. आयुध निर्माणीच्या या गावात, शिफ्टवर जाणाऱ्या माणसांचे डबे भरण्यात माझी वर्षं गेली आहेत. बोट गेलेला माणूस मी जवळून पाहिला आहे. ही गोष्ट ऐकल्यावर त्या गोंगाटाबद्दलचा माझा राग निम्मा कमी झाला. निम्मा राहिला, तो आवाजाचा.

पण आज मला गाण्याबद्दल नाही, पैशांबद्दल बोलायचं आहे.

२०२२ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. धाकटा तेव्हा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. म्हणाला, "मुंबईला जातोय, इंडिपेंडन्स रॉकला." १९८६ साली मुंबईत सुरू झालेला हा महोत्सव. धोबी तलावच्या रंगभवनात, उघड्या आभाळाखाली, कॉलेजची पोरं तिकीट काढून जायची. पुढे रुग्णालय, कॉलेज यांच्यापासून शंभर मीटरच्या आत शांतता क्षेत्र, असा नियम २००० साली आला आणि रंगभवनातला आवाज बंद झाला. महोत्सव अंधेरीकडे गेला, २०१३ नंतर थांबला, आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये महिंद्रांच्या मदतीने पुन्हा उभा राहिला.

(शांतता क्षेत्राचा नियम मला मनापासून पटतो, हे इथेच सांगून टाकते. फक्त एक विचारायचं आहे. खुल्या नाट्यगृहासारख्या जागी गाणाऱ्या पोरांना जो नियम लागतो, तो आपल्याकडच्या वरातीतल्या डीजेला का लागत नाही? बाळंतिणीच्या खिडकीखाली अर्धा तास उभा असतो तो. असो.)

तर तो निघाला तेव्हा मी सहज विचारलं, "तिकीट कशाला काढतोस? कोणाच्या ओळखीने पास नाही का मिळत?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी काही चोरीच सुचवली. म्हणाला, "आई, पास मागायचा नसतो. आम्हीच दिले नाहीत तर कोण देणार? आम्ही आहोतच किती?"

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. कारण त्याच्या आधीच्याच वर्षी आमच्या महिला मंडळाने डफावरच्या वहीगायनाचा कार्यक्रम ठेवला होता. आपल्या खान्देशची जुनी कला. गाणारे सगळे साठीच्या पुढचे, गाडीभाडं आणि जेवण एवढंच मागत होते. आम्ही पन्नास रुपये तिकीट ठेवलं, तर जो तो मला गाठून विचारायचा, "ताई, दोन पास ठेवा हं." सोन्याच्या पाटल्या घातलेल्या बाया पन्नास रुपयांचा पास मागत होत्या. पुढच्या दोन रांगा पासवाल्यांच्या. त्या अर्ध्यातच उठल्या, मालिकेची वेळ झाली म्हणून. गाडीभाडं शेवटी आम्ही चौघींनी भरलं. पुढच्या वर्षी कोणी कार्यक्रमाचं नावच काढलं नाही.

धाकट्याचं पुढचं कळलं ते वेगळ्याच रस्त्याने. त्याच्या मेसच्या काकूंचा फोन आला, "तुमचा मुलगा महिनाभर एकाच वेळेला जेवतोय, बरा आहे ना?" मी हादरलेच. आईच्या मनात काय काय येतं ते तुम्हाला सांगायला नको. दारू, जुगार, उसनवारी. फोन लावला, ओरडले, रडले. शेवटी तो कबूल झाला. पुण्यात त्यांची दहा-बारा पोरं मिळून एक छोटा मेटलचा कार्यक्रम करत होती. नाशिक, नागपूर, मुंबईचे पाच बँड बोलवायचे होते. हॉलचं भाडं, साउंडवाल्याची आगाऊ रक्कम, सगळं पोरांनी आपापसांत काढलं होतं. याच्या वाट्याचे दोन हजार मेसच्या पैशातून गेले होते.

मी ह्यांना म्हटलं, "मी बघूनच येते." रात्रीच्या गाडीने भुसावळहून निघाले. सोबत चाळीस दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा. राग कितीही असला तरी रिकाम्या हाताने जाववत नाही.

आता तिथलं सांगते. मी कानात कापूस घालून सगळ्यात मागे, साउंडवाल्याच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसले. दीडशेच्या आसपास माणसं असतील. त्यात वीस-पंचवीस मुली. गाणं सुरू झालं आणि समोर पोरं एकमेकांना धक्के देत गोल गोल पळायला लागली. मी उठलेच होते. तेवढ्यात एक पोरगा पडला. क्षणात चार हात खाली आले, त्याला उचललं, चष्मा शोधून दिला आणि पुन्हा पळायला लागले. पडलेल्याला आधी उचलायचं, हा म्हणे तिथला नियमच. आपल्या जत्रेतल्या गर्दीत एवढी शिस्त मी पाहिली नाही. अर्थात सगळीकडे असंच असतं असं मी म्हणणार नाही. मी एकच कार्यक्रम पाहिलाय.

गाणं मला कळलं नाही. शब्द तर अजिबात नाही. एक ठेका मात्र छातीत जाऊन बसला, नगारा जवळून वाजल्यावर बसतो तसा.

माझा धाकटा गाणं ऐकतही नव्हता. तो दाराशी उभा राहून लोकांच्या मनगटावर शिक्के मारत होता. त्याला विचारलं, "अरे, एवढे पैसे घातलेस आणि ऐकायचं नाही?" तर म्हणाला, "दोन बँड ऐकले ना. कोणीतरी दारात पाहिजेच." रात्री साडेनऊला गाणं बंद, दहाच्या आत हॉल झाडून परत द्यायचा होता. केस वाढवलेली ती पोरं केरसुणी घेऊन झाडत होती. एक मुलगी पाण्याच्या बाटल्या गोणीत भरत होती.

नंतर ह्याच्या खोलीवर सगळे जमले. नागपूरचे चौघे सतरंजीवर, मी एकटी पलंगावर. दशम्या दहा मिनिटांत संपल्या. मग वही निघाली. मोठ्याने एकेक आकडा वाचला गेला. तिकिटाचे इतके, टी-शर्टचे इतके, हॉलचे इतके, गाडीभाडं इतकं. नऊ हजार कमी. कोणी कोणावर ओरडलं नाही. बारा जणांत भाग केला, प्रत्येकी साडेसातशे. आणि लगेच पुढच्या तारखेची चर्चा सुरू.

मी पलंगावर बसून बघत होते आणि मला आमच्या माहेरचा हरिनाम सप्ताह आठवत होता. काल्याच्या दिवशी वडील देवळाच्या ओट्यावर बसून असंच वाचायचे. अमक्याची पंगत, तमक्याचं तेल, विणेकऱ्याचं इतकं, कमी पडले ते इतके. कमी पडलेले पंच वाटून घ्यायचे. तिथे पास कोणी मागितल्याचं मला आठवत नाही. ज्याला द्यायला काही नाही तो लाकडं फोडायचा, बाया पहाटेपासून भाकरी थापायच्या. सप्ताह टिकला तो असा.

मुंबईत २०१२ साली 'कंट्रोल ऑल्ट डिलीट' नावाचा कार्यक्रम याच रीतीने सुरू झाला होता. कंपन्यांचा पैसा न घेता रसिकांनीच वर्गणी काढायची, ज्याला जमेल तेवढी द्यायची आणि बँडना बोलवायचं. पोरं त्याचं नाव अजून आदराने घेतात. 'डिमॉनिक रिझरेक्शन' हा मुंबईचा बँडही २००० सालापासून याच छोट्या गर्दीच्या जोरावर उभा आहे. नाव ऐकून दचकू नका, त्यांनी २०१७ साली एक अख्खा अल्बम केला तो आपल्या दशावतारावर, मत्स्यापासून कल्कीपर्यंत. त्यांचा गायक साहिल मखिजा इंटरनेटवर स्वयंपाकाचा कार्यक्रमही करतो. हे कळल्यावर तर मला तो घरचाच वाटायला लागला.

आणि जर्मनीत वाकेन म्हणून खेडं आहे. वस्ती दोन हजाराच्या आसपास, आपल्याकडच्या एखाद्या वाडीएवढी. १९९० साली तिथल्या दोन तरुणांनी गावाबाहेर खडीच्या खाणीत सहा बँड बोलवले, आठशे माणसं आली. आज तिथे दरवर्षी पंच्याऐंशी हजार येतात, आणि महोत्सवात गावच्या अग्निशमन दलाचा बँडही वाजतो. २००६ साली या गावावर एक माहितीपट निघाला, त्यात गावातल्या म्हाताऱ्या बायाही आहेत. २०२३ साली इतका पाऊस झाला की शेतांचा चिखल झाला आणि निम्म्या वाटेवरच्या लोकांना परत पाठवावं लागलं. तरी पुढच्या वर्षी महोत्सव झालाच.

आमच्या पोरांचा कार्यक्रम वाकेनएवढा होणार नाही. त्यांनाही ते माहीत आहे. दीडशेचे दोनशे झाले तरी ते पेढे वाटतील. मला एवढंच म्हणायचं आहे की थोड्यांना आवडणारी गोष्ट त्या थोड्यांनीच सांभाळावी लागते. खिशातून, अंगमेहनतीने, कधी एक वेळ उपाशी राहून (उपाशी राहण्याला माझी परवानगी नाही, हे त्याला सांगून ठेवलंय). सरकार येणार नाही, कंपनी आली तर आपल्या सोयीने येईल आणि सोयीने जाईल. वहीगायन गेलं तर आपण सगळ्याजणी हळहळू, भाषणात त्याचं नावही घेऊ. पण त्या दिवशी पन्नास रुपये काढताना आपला हात का आखडला? साडीला, मेकअपला, हळदीकुंकवाच्या वाणाला आखडत नाही. मी स्वतःला धरूनच बोलते आहे. धाकट्याला 'पास मिळत नाही का' असं विचारणारी मीच होते.

परत आल्यावर मंडळाच्या बैठकीत मी हा विषय काढला. दोघी-तिघींनी तोंडं वाकडी केली, "ताई, तुमच्या पोराचं ते गाणं आणि आपली वही एक का?" एक नाहीच. पण वही लिहिण्याची रीत एकच आहे. बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं की येत्या माघात वहीगायन करायचं, तिकीट शंभर, आणि पास कोणालाच नाही. गावातल्या पुढाऱ्यांनाही नाही. हे शेवटचं पार पडेल का, याची मला स्वतःला शंका आहे.

पावतीपुस्तक छापून आलं त्या दिवशी मी अंगणात त्यावर शिक्के मारत बसले होते. शेजारच्या आजी कुंपणाशी आल्या, कनवटीची शंभराची नोट काढून म्हणाल्या, "घे. माह्या नावानं फाड." मी पावती फाडून दिली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली, घडी करून कमरेला खोचली आणि जाता जाता गच्चीकडे बोट दाखवून विचारलं, "आन् त्याच्या कार्यक्रमाची कुठी राह्यते पावती?"