घर हवे, कुत्र्यासह

कुत्रा पाळणाऱ्याला जागा नाकारणारा पहिला घरमालक कोण, असे कोणी विचारले तर देवराज इंद्राचे नाव घ्यावे लागेल. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात इंद्र युधिष्ठिराला रथात बसायला सांगतो, पण त्याच्या मागोमाग आलेल्या कुत्र्याला मज्जाव करतो. कुत्रे बाळगणाऱ्यांना स्वर्गात स्थान नाही, असा तिथला नियम! युधिष्ठिराने स्वर्गावर पाणी सोडण्याची तयारी दाखवली, पण आश्रयाला आलेल्या जिवाला टाकले नाही. तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मात्र ती आपल्याच गल्लीतल्या भाड्याच्या घराला लावून पाहण्याचे आपल्याला सुचत नाही.

नोकरदाराची बदली होते. सामान ट्रकमध्ये चढते, मुलांचे शाळेचे दाखले निघतात आणि प्रश्न उरतो तो कुत्र्याचा. नव्या गावातला घरमालक फोनवरच सांगतो, "बाकी सगळे चालेल, कुत्रा नको." मग चार-पाच वर्षे घरात वाढलेला जीव कोणाच्या तरी शेतावर किंवा बाजारपेठेत सोडून दिला जातो. अन्नपाण्यावाचून हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण त्या कायद्याने पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला तो दहा ते पन्नास रुपये! एवढ्या धाकाने कोण थांबणार? धाकापेक्षा सोय बरी, असे माझे मत आहे, आणि या लेखात ती सोय लावून देणाऱ्या एका धंद्याची बाजू मांडायची आहे.

उज्जैनला देवास गेट नावाचा भाग आहे. रेल्वे स्टेशन हाकेच्या अंतरावर, बसस्थानक तिथेच, भोवती लॉज आणि धर्मशाळा. महाकालाच्या दर्शनाला आलेला यात्रेकरू येथेच उतरतो आणि बदलीवर आलेला कारकूनही येथेच उतरतो. शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरला जाण्यापूर्वी उज्जैनला होती. तेव्हापासूनची मराठी घरे या शहरात आजही आहेत. त्यांतल्याच एका घरात माझे मामेभाऊ राहतात. बरीच वर्षे ते औषधकंपनीचे प्रतिनिधी म्हणून बॅग घेऊन देवास, शाजापूर, आगर असे बसने हिंडत. ती नोकरी सोडून त्यांनी भाड्याची घरे मिळवून देण्याचे काम धरले आणि त्यातही कुत्रे असलेल्या कुटुंबांचे काम ते आवर्जून घेतात. नातलगांनी त्यांना "कुत्र्यांचा दलाल" अशी पदवी देऊन टाकली आहे! पहिली दोन वर्षे मिळकत पगाराच्या निम्म्यावर आली होती, हेही खरे.

पण त्यांची कामाची रीत पाहण्यासारखी आहे. कुत्रा पाळणाऱ्याला ते आधी प्रश्न विचारतात. कुत्रा केवढा, वय काय, दिवसा घरात कोण असते, एकटा राहिला की भुंकतो का, रेबीजची लस कधी टोचली, तिचा कागद आहे का? घरमालकाला ते एकच गोष्ट विचारतात : "नेमकी भीती कशाची?" कोणाला दाराची लाकडे ओरबाडली जाण्याची भीती असते, कोणाला वासाची, कोणाला शेजाऱ्यांच्या कटकटीची, कोणाला देवघराच्या सोवळ्याची. भीती कळली की निम्मा तोडगा निघतो. दारांच्या नुकसानीपुरती जादा अनामत घ्यावी, तळमजला किंवा वेगळा जिना असलेले घर पाहावे, गच्चीवर कुत्रा न्यायचा नाही हे करारात लिहावे. भावी भाडेकरूने कुत्र्यासह एकदा चहाला यावे, ही त्यांची आवडती अट!

कधीकधी ते गिऱ्हाईक परतही पाठवतात. आपल्या भागातला मुधोळ कुत्रा सर्वांना ठाऊक आहे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली. उघड्या माळावर सशामागे धावण्यासाठी घडलेले ते लांब पायांचे, बारीक कंबरेचे जनावर. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्याला दिवसभर कोंडून ठेवणारा मालक आणि कुत्र्याला दारात उभे न करणारा घरमालक, यांत फार फरक नाही. योग्य घर माणसाला हवे तसे कुत्र्यालाही हवे. ही दुसरी बाजू बोलणारा मध्यस्थ व्यवहारात लागतो, कारण कुत्र्याला स्वतःचे म्हणणे मांडता येत नाही.

येथे कोणी म्हणेल, कायदा आहे की! भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने २०१५ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. रहिवासी संघटनांना पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव करूनही नाही, असे त्यांत म्हटले आहे. २०२१ साली केरळ उच्च न्यायालयानेही अशा बंदीविरुद्ध निकाल दिला. प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे तर १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने नागरिकाचे मूलभूत कर्तव्यच ठरवले आहे. हे सारे मोलाचे आहे. पण हे नियम सोसायटीशी भांडताना कामाला येतात. स्वतःच्या वाड्यातली मागची खोली कोणाला द्यावी, हे तिथली आजी कलम वाचून ठरवत नाही. ती माणूस पाहून ठरवते. तिला कोर्टाची भीती घातली तर ती खोलीला कुलूप लावील. तिच्याशी नीट बोलणारा कोणी हवा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. इथे माणसांना घरे मिळत नाहीत आणि तुम्ही कुत्र्यांचे काय घेऊन बसलात? आक्षेप खोटा नाही. आडनाव ऐकून, धर्म ऐकून, स्वयंपाकात काय शिजते ते विचारून आपल्याकडे घर नाकारले जाते. तो अन्याय कुत्र्याच्या गैरसोयीच्या पंगतीला बसवता येणार नाही. पण म्हणूनच "नेमकी भीती कशाची?" हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. तेव्हा घरमालकाने लसीचा कागद मागितला तर ती रास्त भीती आहे आणि तिला उत्तरही आहे. आडनावाच्या भीतीला मात्र असा कागद नाही, कारण ती मुळात भीती नसून तिरस्कार आहे. रास्त भीती आणि तिरस्कार यांतला हा फरक जो दलाल घरमालकाच्या तोंडावर बोलून दाखवील, तो उद्या माणसांच्याही उपयोगी पडेल.

दलाल हा शब्द आपण शिवी दिल्यासारखा उच्चारतो. वास्तविक २०१६ च्या कायद्याने नोंदणीकृत प्रकल्पांतील घरे विकून देणाऱ्या दलालाला नोंदणी सक्तीची केली आणि महाराष्ट्रात २०२३ पासून त्यांच्यासाठी परीक्षाही आली. पदवीधराने बँक, शाळा आणि सरकारी कचेरी यांपलीकडे पाहायचेच नाही, असा आपल्या घरांतला दंडक आहे. मग चांगली माणसे या धंद्याकडे फिरकत नाहीत आणि धंदा वाईट म्हणून आपणच नाक मुरडतो! दोन पक्षांचे ऐकून घेणे, खरे तेच सांगणे आणि न जुळणारे जुळवण्याचा हट्ट न धरणे, एवढे ज्याला जमते त्याच्या पदवीचे चीज झाले असे मी मानतो.

उज्जैनचा काळभैरव प्रसिद्ध आहे आणि भैरवाचे वाहन कुत्रा. आपल्या दत्ताच्या पायांशीही चार कुत्री असतात. तसबिरीतल्या कुत्र्याला हात जोडायला काही पडत नाही. खरा कुत्रा दहा-बारा वर्षे जगतो आणि तेवढ्या काळात आपले शिक्षण, नोकरी, लग्न आणि दोन-तीन बिऱ्हाडे होऊन जातात. म्हणून मित्रांनो, पिल्लू घरी आणण्यापूर्वी पुढच्या बिऱ्हाडाचा विचार करा, लसीचे कागद जपून ठेवा. आणि कोणी चांगली नोकरी सोडून कुत्रेवाल्यांना घरे शोधून देऊ लागला, तर त्याला हसण्याआधी तो काय काम करतो ते एकदा जाऊन पाहा.