सुनेला बोल लावू नका, रक्त तपासून घ्या



आमच्या चाळीतली एक लेक सासरहून परत आली, तेव्हा तिच्या हातात कपड्यांची पिशवी आणि तपासणीचा एक कागद होता. लग्नाला चार वर्षं झालेली. दोन वेळा तिसऱ्या महिन्यात पोट पडलं. तिसऱ्या खेपेला पाचव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. पहिल्या वेळी सासूनं लिंबू उतरवलं, दुसऱ्या वेळी मांत्रिकाचा अंगारा आणला. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असलेल्या घरात हे व्हावं, याचं आम्हांला फार वाईट वाटलं. तिसऱ्या वेळी कागदावर 'व्हीडीआरएल पॉझिटिव्ह' असं आलं. ही गरमीची, म्हणजे उपदंशाची तपासणी आहे, असं कुणीतरी वाचून सांगितलं. नवऱ्याचं रक्त तपासलं, तर त्यात काही निघालं नाही. मग काय विचारता! तिच्या चारित्र्यावरच बोट ठेवलं गेलं आणि तिला माहेरी धाडलं.

आता त्या कागदाचा खरा अर्थ पाहू. व्हीडीआरएल तपासणी गरमीचा जंतू शोधतच नाही. गुरांच्या हृदयातून काढलेला कार्डिओलिपिन नावाचा एक स्निग्ध पदार्थ तिच्यात वापरतात. आपल्या रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं आहेत का, एवढंच ती पाहते. गरमी झालेल्या माणसात ती असतात हे खरं. पण ज्यांना गरमी कधी झालीच नाही, अशांच्या रक्तातही ती सापडू शकतात. म्हणून पॉझिटिव्ह आलं तर टीपीएचए नावाची दुसरी तपासणी करून खात्री करायची असते. गरमी निघालीच, तर पेनिसिलिननं ती बरी होते. त्यातही लाजण्यासारखं काही नाही. आमच्या या लेकीची टीपीएचए निगेटिव्ह आली. तिला गरमी नव्हतीच.

मग काय होतं? मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं: अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. लंडनचे डॉक्टर ग्रॅहॅम ह्यूज यांनी १९८३ मध्ये तो सविस्तर मांडला. रोगजंतूंशी लढायला शरीर प्रतिपिंडं तयार करतं. या आजारात ती वाट चुकतात आणि आपल्याच रक्तातल्या प्रथिनांना व स्निग्ध पदार्थांना चिकटतात. त्यामुळे रक्तात नको तिथे गुठळी होते. पायाच्या शिरेत झाली तर पाय सुजतो, फुप्फुसात गेली तर श्वास कोंडतो, मेंदूत झाली तर ऐन तरुणपणी लकवा होतो. गरोदरपणी वारेचं काम बिघडतं आणि बाळाचं पोषण तुटतं. पुरुषांनाही हा आजार होतो. तो संसर्गाचा नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

यासाठी रक्ताच्या तीन तपासण्या असतात. पहिली अँटिकार्डिओलिपिन, दुसरी बीटा-टू ग्लायकोप्रोटीनविरुद्धच्या प्रतिपिंडांची आणि तिसरी 'लुपस अँटिकोॲग्युलंट'. तिसरीचं नाव फसवं आहे. लुपस हा आजार नसलेल्यांतही ती पॉझिटिव्ह येते. शिवाय नावाचा अर्थ होतो गोठण रोखणारं. काचेच्या नळीत रक्त उशिरा गोठतंही, शरीरात मात्र उलट गुठळ्या होतात. ही तपासणी करताना घोणस सापाचं विष अगदी पातळ करून नळीतल्या रक्तद्रवात घालतात आणि गोठायला किती सेकंद लागतात ते मोजतात. शेतात काम केलेल्या आपल्या माणसांना घोणस सांगायला नको. तिच्या विषानं रक्ताचं गोठणं बिघडून माणसं दगावतात. तेच विष इथे रोग शोधायच्या कामी येतं.

आता काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

एक तपासणी पुरेशी नाही. ताप किंवा साधा संसर्ग होऊन गेल्यावरही ही प्रतिपिंडं काही काळ दिसतात आणि नाहीशी होतात. म्हणून निदान बारा आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा करायची. दोन्ही वेळा आली, तरच डॉक्टर पुढचा विचार करतात. नुसती प्रतिपिंडं असणं म्हणजे आजार नव्हे. धडधाकट माणसांतही ती कधीकधी सापडतात.

रक्त पातळ करणारं औषध किंवा इंजेक्शन चालू असेल, तर रक्त देण्याआधी तसं सांगा. त्यानं लुपसची तपासणी चुकू शकते. पण तपासणीसाठी औषध आपल्या मनानं बंद करू नका.

ही तपासणी सगळ्यांनी करायची नाही. लागोपाठ तीन वेळा पोट पडलं, दहा आठवड्यांनंतर बाळ पोटात गेलं, रक्तदाब फार वाढून बाळंतपण चौतीस आठवड्यांच्या आत करावं लागलं, कमी वयात कारणाशिवाय गुठळी झाली किंवा लकवा झाला, तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा. दोन वेळा पोट पडलं असलं तरी विचारायला हरकत नाही. तपासण्या स्वस्त नाहीत आणि सगळीकडे होत नाहीत. मोठ्या सरकारी वा पालिकेच्या रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकांना भेटा, रेशनकार्ड आणि जुने सगळे कागद बरोबर न्या.

उपचार आहे. गरोदरपणी कमी मात्रेची ॲस्पिरिन आणि पोटावर घ्यायचं हेपॅरिनचं इंजेक्शन, दोन्ही डॉक्टरांच्याच देखरेखीखाली. वारंवार गर्भपात झालेल्या आणि ही प्रतिपिंडं असलेल्या ९० स्त्रियांचा लंडनमधला एक अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसती ॲस्पिरिन घेतलेल्या ४५ जणींपैकी १९ जणींना जिवंत मूल झालं. दोन्ही औषधं घेतलेल्या ४५ जणींपैकी ३२ जणींना झालं. गुठळीसाठी वॉरफॅरिनची गोळी चालू असलेल्या बाईनं दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना भेटावं, कारण ती गोळी गर्भाला अपाय करते. आणि एकच पाय अचानक सुजला, एकाएकी धाप लागली, तोंड वाकडं झालं किंवा हात लुळा पडला, तर सकाळची वाट पाहू नका. तडक रुग्णालय गाठा.

आमच्या लेकीची तपासणी दोन्ही वेळा पॉझिटिव्ह आली. दोघा नवरा-बायकोला डॉक्टरांनी समोर बसवून कागद समजावला. नवऱ्याची मान खाली गेली. त्यानं तिला घरी नेलं. पुढच्या खेपेला रोजचं इंजेक्शन सासूच आठवणीनं द्यायला लावायची. आज त्या घरात मुलगी आहे, अंगणवाडीत जाते.

पण त्या कागदापायी सात महिने तिनं माहेरच्या ओट्यावर खाली मान घालून काढले. ते तिला कोण परत देणार? तुमच्या घरात, शेजारात अशी कुणी असेल तर तिला हा मजकूर वाचून दाखवा, आणि तिच्या सासूलाही.