पाऊण कागदावरचे आयुष्य

'कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही' ही म्हण तुम्ही ऐकलीच असेल. पण डालग्याखाली अंधारात झाकलेला कोंबडा वेळेवर आरवतो कसा? जपानमधील नागोया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली याचे उत्तर दिले. कायम मंद प्रकाशात ठेवलेले कोंबडेही ठरावीक वेळीच आरवतात, कारण घड्याळ त्यांच्या शरीरातच असते. शिवाय, कळपात ज्याचा मान मोठा तो आधी आरवतो आणि बाकीचे मानाच्या क्रमाने त्याच्यामागून, असेही २०१५ साली दिसून आले.

मावळातील परंदवडीसारख्या गावात, जिथे अंगणात कोंबड्या चरतात, तिथे थोडा वेळ शांत बसून पाहा. आकाशात घार दिसली तर कोंबडा एक आवाज काढतो, जमिनीवरून मांजर आले तर वेगळाच. आणि पहिला आवाज ऐकताच कोंबड्या अंग चोरून दबा धरतात. इटलीतील संशोधकांनी २००९ साली अवघ्या तीन-चार दिवसांच्या पिल्लांची परीक्षा घेतली. पिल्लांच्या सवयीचे पाच गोळे त्यांच्यासमोर दोन पडद्यांआड लपवले; मग एका पडद्यामागचे काही गोळे दुसऱ्यामागे हलवले. ज्या पडद्यामागे शेवटी जास्त गोळे उरले, तिकडेच बहुतेक वेळा पिल्ले गेली. म्हणजे बेरीज-वजाबाकीचा आरंभ या पक्ष्यालाही येतो!

आता अंगणातून पोल्ट्रीच्या शेडकडे वळू. मांसासाठी वाढवलेले ब्रॉयलर पक्षी शेडमध्ये जमिनीवर, भाताच्या तुसावर राहतात. कॅनडातील एका अभ्यासात १९५७ सालच्या वाणाचा पक्षी ५६ दिवसांत सुमारे ९०० ग्रॅम भरला. २००५ सालच्या वाणाचा पक्षी, तेच खाद्य खाऊन, सुमारे ४,२०० ग्रॅम! इतके वजन पायांना पेलत नाही आणि अनेक पक्षी लंगडू लागतात. इंग्लंडमध्ये २००० साली अशा लंगड्या पक्ष्यांपुढे दोन प्रकारचे खाद्य ठेवले. एकात वेदनाशामक औषध होते. जो पक्षी जास्त लंगडा, तो औषधाचे खाद्य जास्त खाई. वेदना होते एवढेच नव्हे, तर ती कशाने कमी होते हेही तो शिकला.

अंडी देणाऱ्या कोंबड्या बहुतेक ठिकाणी तारेच्या पिंजऱ्यात असतात. नेहमीच्या पिंजऱ्यात एकीच्या वाट्याला सुमारे ४५० चौ. सेंमी. जागा येते. ए-४ आकाराच्या कागदाचा चौथा भाग दुमडा. उरेल जवळजवळ तेवढीच. तिथे पंख पसरता येत नाहीत, मातीत लोळता येत नाही, अंडे घालायला आडोसा मिळत नाही.

कोणी म्हणेल, 'स्वस्त अंडे हे गरिबाघरचे पोषण आहे.' हे खरे आहे. शेतकऱ्याला दोष देणेही योग्य नाही. कराराच्या ब्रॉयलर पालनात पिल्ले, खाद्य व औषधे कंपनीची असतात, शेतकऱ्याला वजनावर मोबदला मिळतो. पद्धत तो ठरवत नाही. पण आपल्या देशात १९६० सालच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार, पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राणी ठेवणे हा गुन्हा आहे. विधी आयोगाने २०१७ साली आपल्या २६९ व्या अहवालात अंड्यांच्या कोंबड्यांच्या या पिंजऱ्यांचा प्रश्न मांडला. युरोपीय संघाने तर असे साधे पिंजरे २०१२ पासून बंद केले आहेत. तिथे अंडी मिळेनाशी झालेली नाहीत.

म्हणून मला वाटते, पिंजरे जायला हवेत, आणि मोकळ्या जागेचा वाढीव खर्च एकट्या शेतकऱ्याच्या माथी न मारता ज्यांना परवडतो त्या ग्राहकांनी व शासनाने उचलायला हवा. तुम्हांला हे पटलेच पाहिजे असे नाही. वर्गात तो पाऊण कागद जमिनीवर ठेवा, शिक्षकांसह भोवती उभे राहा आणि वाद घाला.

मात्र, या पक्ष्याला काही कळत नाही, असे यापुढे म्हणता येणार नाही. तिथे आता उजाडले आहे; कोंबडे झाकून उपयोग नाही.