धर्माचा रकाना आणि गरिबीचा हिशेब

दिग्रसमध्ये कुठल्याही चहाच्या टपरीवर दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले आम्हाला उद्देशून असते : “धर्म बदलून तुम्हाला काय मिळालं? गरीब ते गरीबच.” दुसरे, दुर्दैवाने, आमच्याच काही पोरांच्या तोंडी असते : “पोहरादेवीला नवस फेडत बसतात, म्हणून तांडा मागे राहिला.” बोलणारे वेगळे, म्हणणे एकच. माणूस गरीब असतो तो त्याच्या देवधर्मामुळे! आम्ही ही दोन्ही वाक्ये साफ नाकारतो.

काय मिळालं? 2011 च्या जनगणनेत देशाची साक्षरता 72.98 टक्के होती, हिंदूंची 73.27 आणि बौद्धांची 81.29. ज्यांच्या आजोबांना शाळेत वर्गाबाहेर बसवले, त्यांची ही नातवंडे आहेत. यात धम्माचा वाटा किती आणि वसतिगृह-शिष्यवृत्तीचा किती, यावर खुशाल वाद घाला. पण 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दीक्षा घेतली तेव्हा सातबारा कोणी बदलून दिला नव्हता. जमीन ज्यांच्याकडे होती त्यांच्याकडेच राहिली. बौद्ध बाई आजही दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचते, याचा जाब धम्माला विचारता? जमीनवाटपाची फाईल दाबून बसलेल्यांना विचारा.

आता तांड्याचे बघू. बंजारा समाजाचे सेवालाल महाराज एकच, गोरबोली एकच, पोहरादेवीही एकच. पण महाराष्ट्रात हा समाज विमुक्त जाती, तेलंगणात अनुसूचित जमात आणि कर्नाटकात अनुसूचित जाती! नवस सगळीकडे तोच, सवलती मात्र राज्याची सीमा ओलांडली की बदलतात. ही सीमा काही देवाने आखलेली नाही. त्याआधी रेल्वे आली आणि बैलांवर मीठ-धान्य वाहण्याची लदेणी मोडली. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटक्यांच्या कपाळावर शिक्का मारला. तो पुसायला स्वतंत्र भारताला 1952 उजाडले. गरिबीचा इतिहास हा आहे. बोकडबळीवर आमची टीका आहे आणि राहील. कर्ज काढून देवकार्य करणाऱ्याला आम्ही टोकणारच. पण ऊसतोडीला नाहीतर बांधकामावर जाऊन तांडा रिकामा होतो, तो बोकडामुळे नव्हे. अंध आणि कोलाम बांधवांना ‘अडाणी’ म्हणणाऱ्यांनाही हेच लागू.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. अमेरिकेत स्पॅनिश भाषेच्या मुळाच्या लोकांना सरकार ‘हिस्पॅनिक’ म्हणते. त्या एका शब्दात मेक्सिकन, प्युर्टो रिकन, क्युबन सगळे कोंबलेले, त्यांत गोरे, काळे आणि मूळनिवासीही. तिथेही टपरीछाप पंडित सांगतात, हे कॅथलिक देवभोळे म्हणून मागे. प्यू रिसर्चच्या पाहणीनुसार 2010 मध्ये त्यांच्यातले 67 टक्के प्रौढ कॅथलिक होते, 2022 मध्ये 43 टक्केच उरले. एवढी श्रद्धा ओसरली, तरी त्यांच्यातल्या गरिबीचे प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट आहेच. बदल घडला तो वेगळ्या वाटेने. कॅलिफोर्नियात मळेवाले फिलिपिनोंचा संप मेक्सिकनांना लावून फोडत आणि मेक्सिकनांचा फिलिपिनोंना लावून. 1965 च्या सप्टेंबरात डेलानोच्या द्राक्षमळ्यांत लॅरी इटलिआँग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो मजूर संपावर गेले आणि आठवड्याभरात मेक्सिकन मजुरांची संघटना त्यांना येऊन मिळाली. पुढच्या वर्षीच्या मोर्चात मेरीमातेचा झेंडा होता. म्हणून कोणी मोर्चा सोडून गेले नाही. 1970 मध्ये मळेवाल्यांना करारावर सह्या कराव्या लागल्या.

आपल्याकडे मात्र मोजणीतच घोळ आहे, आणि तो अर्धा आपणच घातला आहे. 2011 मध्ये महाराष्ट्रात बौद्ध मोजले गेले 65 लाख 31 हजार. त्यातले अनुसूचित जातीत मोजले गेले सुमारे 52 लाख. म्हणजे तेरा लाखांहून जास्त बौद्ध अनुसूचित जातीच्या आकड्याबाहेर! उपयोजनेचा निधी आणि राखीव जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात, हे काय वेगळे सांगायचे? ‘बौद्ध’ हे अनुसूचित जातींच्या यादीतले नाव नाही, तो धर्म आहे. दोन्ही रकान्यांत बौद्ध लिहिणाऱ्याचा स्वाभिमान आम्हाला समजतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्याने ते जुने नाव पुन्हा का उच्चारावे, हा प्रश्न खरा आहे. पण जात मानणे वेगळे आणि जातीने केलेले नुकसान नोंदवणे वेगळे. बौद्धांना अनुसूचित जातीचा हक्क मिळावा म्हणून 1990 मध्ये कायदा बदलून घेतला. चौतीस वर्षे लढून मिळवलेले एका रकान्यात घालवायचे?

2027 च्या जनगणनेत 1931 नंतर पहिल्यांदा सगळ्यांची जात मोजली जाणार आहे. प्रगणक मोबाईलवर माहिती भरेल. धर्म ‘बौद्ध’ सांगा आणि जात यादीत आहे त्याच नावाने सांगा. त्याने काय भरले ते वाचून दाखवायला लावा. आणि विहारातल्या पोरांनी यासाठी तांड्यावर, पोडावर, मोहल्ल्यातही जावे. पोहरादेवीवर व्याख्यान न देता.