मूळ गाव शिकारपूर, हल्ली मुक्काम देवळाली

त्र्यंबकेश्वरी आमच्याकडे यजमान आला की आधी गाव सांगतो, मग आडनाव, मग आजोबांचं नाव. मी लाल कापडाचं बासन सोडून नामावळीतलं पान काढतो. मागच्या वर्षी उल्हासनगरचं एक सिंधी कुटुंब नारायण नागबळीसाठी आलं होतं. त्यांचं पान निघालं १९५६ च्या सिंहस्थातलं. माझ्या आजोबांचं अक्षर : 'मूळ गाव शिकारपूर, सिंध. हल्ली मुक्काम देवळाली कॅम्प.' खाली यजमानांची सही, अरबी वळणाच्या सिंधी लिपीत. नातवाला ती वाचता येईना. सहीवर बोट ठेवून तो बराच वेळ तसाच बसून राहिला.

फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना देवळालीच्या आणि कल्याणच्या लष्करी छावण्यांत जागा मिळाली. कल्याणच्या छावणीचंच पुढे १९४९ साली उल्हासनगर झालं. त्याआधी १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहून गेले. गोंदियातल्या गोठणगावला तिबेटी आजही आहेत. आसरा देणं महाराष्ट्राला नवं नाही. पण दर वेळी तो मिळाला त्या त्या सरकारच्या मर्जीने.

भारताने १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि स्वतःचा निर्वासित कायदाही केलेला नाही. १९४६ चा परकीय नागरिक कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा आला, त्यातही निर्वासिताची व्याख्या नाही. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातल्या सहा धर्मांच्या लोकांना वाट दिली. पण १९८३ पासून तमिळनाडूत आलेले श्रीलंकेचे तमिळ तिच्यात बसत नाहीत, आणि ते तर बहुतेक हिंदूच. म्यानमारमधून पळालेला रोहिंग्याही बसत नाही. मी पौरोहित्य करणारा माणूस आहे, धर्म मला जिवापाड प्रिय आहे. तरीही म्हणतो, जीव वाचवायला आलेल्याला आधी धर्म विचारू नये.

सुरक्षेची काळजी खरीच आहे, आणि तिच्यासाठीच तर कायदा हवा. अर्ज, कसून चौकशी, ठरल्या मुदतीत लेखी निर्णय, नकार मिळाला तर अपील. २०१५ साली शशी थरूर यांनी असं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं, ते पुढे गेलं नाही. नाशिक जिल्ह्यातल्या खासदारांना माझी विनंती आहे, देवळाली तुमच्याच जिल्ह्यात आहे, हा विषय पुन्हा संसदेत मांडा.