कहाणी की आख्यान?

मॉरिशसमधील मराठी घरांत पूर्वजांच्या आगमनाची जी हकिगत सांगितली जाते, ती पुष्कळदा एकाच साच्याची असते. बेटावर दगड उलटला की खाली सोने सापडते, असे दलालाने सांगितले. भाबडा माणूस जहाजात चढला. उसाच्या मळ्यात हाताला घट्टे पडले. परंतु त्याने धर्म सोडला नाही आणि त्या पुण्याईने नातवंडे सुखी झाली. घरे निराळी, आडनावे निराळी, हकिगत एकच.

साहित्याच्या परिभाषेत या प्रकारास कहाणी म्हणावे. व्रताच्या कहाणीतील नगर आटपाट असते, म्हणजेच ते कोठलेही असू शकते. राजाला नाव नसते, संकट व्रताने टळते आणि शेवट सुफळ संपूर्ण होतो. यात कहाणीचा दोष नाही. व्रताचे फळ सांगणे एवढेच तिचे काम. परंतु मुंबई बंदरातून निघून पोर्ट लुईला उतरलेला मजूर आटपाट नगराचा रहिवासी नव्हता. रत्नागिरीकडच्या एखाद्या गावी त्याचे घर होते, आणि त्या गावाला नाव होते.

अशा माणसाच्या चरित्रास कीर्तनपरंपरेतला आख्यान हा शब्द शोभतो. नारदीय कीर्तनात पूर्वरंगी तत्त्वाचे निरूपण होते व उत्तररंगी तेच तत्त्व एखाद्या चरित्रातून उभे राहते. तेथे 'कोणी एक राजा' चालत नाही, हरिश्चंद्रच लागतो. शिवाय राजाने पत्नीला, पुत्राला आणि अखेर स्वतःला विकले, तो प्रसंग कीर्तनकार लाजून आटोपता घेत नाही. तेथेच तो सर्वाधिक रेंगाळतो. घरगुती हकिगतींत मात्र नेमक्या याच जागा गाळल्या जातात. मागे राहिलेली बायको, फेडता न आलेले कर्ज, बोटीवर नव्याने सांगितलेली जात यांचा उच्चार होत नाही. स्मरणिकांतील लेखही बहुधा पूर्वरंगातच संपतात. (कीर्तनाला आलेला श्रोता एवढ्यावर उठून गेला असता का?)

आता निवेदकाचा प्रश्न. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या नोंदवह्यांत मजुराचे नाव, बापाचे नाव, वय, उंची, गाव, जहाज अशी माहिती मिळते. परंतु त्या वृत्तांताचा निवेदक सरकारी कारकून आहे. प्रश्न त्याचे, लेखणी त्याची. माणसाने गाव का सोडले, हे त्याला नको होते. म्हणून वहीत घटना सापडतात, कथानक सापडत नाही. घटनांना कार्यकारणाचा धागा लागतो तेव्हाच कथानक होते. तो धागा, सापडलाच तर, आजीच्या बोलण्यात सापडेल. आणि आजीही निवेदकच असल्यामुळे तिने काय झाकले, हेदेखील पाहावे लागेल. दोघांचे म्हणणे एकत्र कालवू नये. कोणते वाक्य वहीतले आणि कोणते आजीचे, हे लिहिणाऱ्याने स्पष्ट नोंदवावे.

आणखी एक अडचण आहे. कारकुनाने गावाचे नाव कानावर पडले तसे, परक्या वळणाने लिहिले. ते नुसते डोळ्यांनी वाचून उलगडत नाही. मोठ्याने, दोन-तीन तऱ्हांनी उच्चारावे लागते. मग एकाएकी कोकणातले ओळखीचे गाव ऐकू येते. पण ज्याच्या कानाला मराठीची सवय आहे, त्यालाच ते ऐकू येते. असे कान आज येथील घरोघरी बहुतेक सत्तरीच्या पुढच्या माणसांचेच आहेत.