ओली घळ आणि पायातला बूट

दिवाळी सरली की आपल्या समाजातील युवक मंडळांच्या सहलींचे बेत ठरू लागतात. पूर्वी या बेतांत गजपंथा, मांगीतुंगी, कुंभोजचा बाहुबली डोंगर ही नावे असत आणि ती आजही आहेत. परंतु गेल्या काही वर्षांत त्यांच्या जोडीला सांदण दरीचे नाव हमखास ऐकू येते. नातवंडे हे नाव उच्चारतात आणि घरात दोन प्रश्न उभे राहतात. आई विचारते, "धोका कितपत आहे?" आजी विचारते, "बूट चामड्याचे तर नाहीत ना?" हे दोन्ही प्रश्न एकाच वस्तूपाशी येऊन मिळतात, आणि ती वस्तू घेताना आपण साडीच्या किंवा भांड्याच्या खरेदीत दाखवतो त्याच्या पावपटही चौकसपणा दाखवत नाही. म्हणून यावेळी हा विषय.

सांदण ही अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या पलीकडे साम्रद गावाजवळ आहे. एका बाजूला रतनगड, दुसऱ्या बाजूला अलंग, मदन आणि कुलंग, आणि मध्ये बेसॉल्टच्या पठाराला पडलेली ही खोल, चिंचोळी भेग. काही ठिकाणी दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना बोटे लागतात. वर पाहिले तर आकाशाची एक पट्टी दिसते. दुपारच्या थोड्या वेळाखेरीज तळाशी ऊन पोहोचत नाही. त्यामुळे पावसाळा संपून महिने लोटले तरी आत पाणी साचलेले असते, आणि सुरुवातीलाच लागणारी दोन कुंडे ओलांडताना कधी गुडघाभर, कधी कमरेच्याही वरपर्यंत भिजावे लागते. पुढे घरंगळून आलेल्या लहानमोठ्या धोंड्यांचा खच. बहुतेक जण तेथूनच माघारी फिरतात. जे पुढे जातात ते दोराच्या साहाय्याने कातळटप्पे उतरून खाली कोकणात, शहापूर तालुक्यातील डेहणे गावाकडे निघतात. म्हणजे एकाच दिवसात पायाला कोरडी पायवाट, थंड पाणी, गुळगुळीत ओला दगड, डळमळते धोंडे आणि उभा कडा एवढे सगळे पेलावे लागते. या सर्वांना पुरून उरेल असा बूट अस्तित्वात नाही. आपल्याला काय सोडून द्यायचे हे ठरवावे लागते, आणि निवड तेथून सुरू होते.

दुकानात गेल्यावर पहिला मोह 'वॉटरप्रूफ' या शब्दाचा होतो. महागडा बूट, आत पाणी न शिरू देणारे अस्तर, विक्रेत्याचे आश्वासन. पाण्यात जायचे तर याहून योग्य ते काय, असे कोणालाही वाटेल. परंतु असा बूट दवबिंदूंनी भिजलेल्या गवतातून किंवा घोट्याखालच्या ओहोळातून जाण्यासाठी असतो. पाणी घोट्याच्या वर गेले की ते वरच्या तोंडातून आत शिरते, आणि जे अस्तर बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही तेच आतले पाणी बाहेरही जाऊ देत नाही. मग दिवसभर दोन्ही पायांत एकेक तांब्या पाणी घेऊन चालायचे. ओल्या घळीसाठी हवा तो जाळीदार कापडाचा, पाणी चटकन बाहेर टाकणारा बूट. पाय भिजणार हे गृहीत धरावे. भिजलेला पाय लवकर निथळावा एवढीच अपेक्षा ठेवावी.

मोज्यांबाबतही हेच. सुती मोजा पाणी धरून ठेवतो, त्वचा नरम पाडतो आणि फोड आणतो. पातळ कृत्रिम धाग्याचा मोजा बरा. पाणी फार गार असेल तर निओप्रीन नावाच्या कृत्रिम रबराचे मोजे मिळतात. तेही पाणी अडवीत नाहीत, पण आत शिरलेले थोडे पाणी अंगाच्या उबेने कोमट करून तेथेच ठेवतात. हे मोजे जाड असल्याने बूट घेतानाच ते पायात घालून माप पाहावे लागते.

आता तळव्याकडे वळू. १९३५ साली आल्प्समध्ये इटालियन गिर्यारोहक व्हिताले ब्रामानी यांचे सहा सोबती एका मोहिमेत दगावले, आणि त्या दुर्घटनेमागे अपुऱ्या पादत्राणांचाही भाग होता असे मानले गेले. पुढे ब्रामानी यांनी खोल खाचांचा रबरी तळवा तयार केला आणि १९३७ साली बाजारात आणला. 'व्हिब्रॅम' हे नाव त्यांच्याच नावावरून आलेले आहे. आज बहुतेक ट्रेकिंगच्या बुटांखाली दिसणाऱ्या खाचांचा तो पूर्वज. या खाचा चिखलात, मुरमात आणि उतारावरच्या सुट्या मातीत रुततात व पाय धरून ठेवतात. ओल्या कातळावर मात्र रुतायला काही नसते. तेथे रबराचा जितका पृष्ठभाग दगडाला टेकेल आणि रबर जितके मऊ असेल तितकी पकड चांगली. मऊ रबर दगडाच्या बारीक खडबडीत दबून बसते. कठीण रबर त्यावरून सरकते. पण मऊ रबर झिजतेही लवकर. हमी जास्त दिवसांची हवी की पकड जास्त हवी, असा हा सरळ व्यवहार आहे. घळीसाठी बूट घेताना मी निःशंकपणे पकडीच्या बाजूने मत देईन. दुकानात अंगठ्याचे नख तळव्याच्या कडेवर दाबून पाहावे. थोडी खूण उमटली तर रबर मऊ आहे; प्लॅस्टिकसारखे ठणठणीत लागले तर तो बूट बागेत फिरण्यास ठेवावा. सह्याद्रीत वर्षानुवर्षे भटकणारी मंडळी भारी परदेशी बुटांपेक्षा अ‍ॅक्शन कंपनीच्या साध्या, स्वस्त ट्रेकिंगच्या बुटांचे गुण गातात, त्याचे रहस्य याच रबरात आहे.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. शेवाळावर कोणतेच रबर धरत नाही. शेवाळाचा बुळबुळीत थर रबर आणि दगड यांच्यामध्ये वंगणासारखा राहतो. जपानमध्ये ओढ्यांच्या पात्रातून डोंगर चढण्याचा 'सावानोबोरी' नावाचा प्रकार आहे. ते लोक पूर्वी भाताच्या पेंढ्याच्या चपला आणि पुढे नमद्याच्या तळव्याचे बूट वापरीत आले, कारण दाबलेल्या तंतूंचा असा तळवा शेवाळाचा थर भेदून खाली पोहोचतो. परंतु ओला नमदा लवकर वाळत नाही आणि एका ओढ्यातील सूक्ष्म जीव दुसऱ्या ओढ्यात नेऊन सोडतो, म्हणून न्यूझीलंडसारख्या देशाने मासेमारीसाठी वापरल्या जाणाऱ्या अशा तळव्यांवर बंदीच घातली. ही माहिती वाचताना मला आपल्या घरातील, गाळलेल्या पाण्याचे गाळणे उलटवून जीव पुन्हा मूळ जलाशयात पोहोचवण्याची 'जिवाणी'ची रीत आठवली.

आता आजींचा प्रश्न. चामडे ओळखण्यात आपली फसगत रंगाने आणि स्पर्शाने होते. 'स्वेड' आणि 'नुबक' हे मखमलीसारखे मऊ लागतात म्हणून अनेक जण त्यांना कापड समजतात. मूळ अर्थाने दोन्ही चामडेच आहेत. स्वेड हा कातड्याच्या आतल्या बाजूचा, नुबक हा बाहेरची बाजू घासून केलेला. 'बॉन्डेड लेदर' म्हणजे चामड्याचा चुरा चिकटवून केलेले पान. याउलट 'मायक्रोफायबर', 'पीयू' आणि 'सिंथेटिक' ही कृत्रिम द्रव्ये. युरोपच्या बाजारासाठी तयार झालेल्या बुटांवर लहान चित्रांची चिठ्ठी असते: पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडे, त्याच आकारात चौकट असेल तर लेप दिलेले चामडे, विणलेली जाळी म्हणजे कापड, आणि नुसती चौकट म्हणजे इतर द्रव्य. ही चिन्हे बुटाच्या तीन भागांसाठी स्वतंत्रपणे दिलेली असतात: वरचा भाग, अस्तर आणि तळवा. येथे हिशेबाची सवय असलेल्या माणसाने थोडे थांबावे. त्या नियमानुसार, ज्या द्रव्याने त्या भागाचा किमान ८० टक्के हिस्सा व्यापला आहे त्याचे चिन्ह पुरेसे असते. म्हणजे वरच्या भागावर जाळीचे चिन्ह असूनही उरलेल्या भागात, टाचेच्या पट्टीवर किंवा नाडीच्या भोकांभोवती, चामड्याची चकती असू शकते. चिन्ह पाहून समाधान मानू नये; टाच, जीभ, नाडीची पट्टी आणि आतली गादी हे चार भाग डोळ्यांनी पाहावेत. गोंदाबाबत शंका उरते. आजच्या कारखान्यांत बहुतांशी कृत्रिम गोंदच वापरतात, तरीही ज्यांचा नियम कडक आहे त्यांनी उत्पादकाला लेखी विचारावे. 'व्हीगन' असे स्पष्ट छापणारे उत्पादक आता पुष्कळ आहेत आणि त्यांच्याकडून होय किंवा नाही असे सरळ उत्तर मिळण्याची शक्यता अधिक.

सुदैवाने येथे नियम आणि सोय एकाच दिशेला आहेत. चामडे पाणी पिते, जड होते, वाळायला दोन-दोन दिवस घेते आणि वाळताना आकसते. ओल्या घळीसाठी ते एरवीही अयोग्यच ठरते. आपल्या मुलांना "नियमामुळे दुय्यम वस्तू घ्यावी लागते" असे वाटू नये, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभराच्या वावराने पाय थोडे सुजलेले असतात आणि चालतानाही ते सुजणारच. नाडी बांधल्यावर टाच उचलली जाऊ नये आणि पुढे बोटांना अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी. उताराची परीक्षा दुकानातच करता येते. जिन्याच्या पायरीवर किंवा उतरत्या फळीवर तोंड खाली करून उभे राहावे. बोटे पुढे आपटत असतील तर कोकणात उतरेपर्यंत नखे काळी पडतील. सँडल आणि फ्लोटर घळीत नकोत. बोटे उघडी राहतात, धोंड्यांच्या फटीत अडकतात आणि पट्ट्याखाली खडे शिरतात.

घरातील कपाटात खोक्यात जपून ठेवलेला, "एकदाच वापरला आहे" असा बूट नातवाला देण्यापूर्वी सावध राहावे. अनेक बुटांच्या तळव्यात पॉलियुरेथेनचा थर असतो. हवेतील दमटपणाने तो थर वर्षानुवर्षे आतून विघटित होत जातो. बाहेरून बूट नवा दिसतो आणि चालायला लागल्यावर तासाभरात तळवा वडीसारखा तुकडे होऊन गळतो. मुंबई-कोकणच्या हवेत हे विशेष. व्यापारी वाचकांना सांगायला नको की सवलतीच्या विक्रीत जुना माल पुढे येतो. खोक्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेले असते, ते किंमत पाहण्याआधी पाहावे. पाठपिशवीत एक मजबूत दोरी आणि चिकटपट्टीची गुंडाळी असू द्यावी. दरीच्या मध्यावर तळवा सुटला तर चांभार मिळत नाही.

येथवर बुटाविषयी लिहिले, पण आईच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर बुटात नाही. चिंचोळ्या घळीत खरा धोका वरून येणाऱ्या पाण्याचा असतो. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक वाहून गेले. पाऊस त्यांच्या डोक्यावर नव्हे, कित्येक मैल दूर पडला होता. ज्यांची मुले तिकडे आहेत आणि झायन उद्यानातील 'नॅरोज' पाहण्याचा बेत आहे, त्यांच्यासाठी सांगतो: तेथे नदीचा प्रवाह सेकंदाला १५० घनफुटांवर गेला की वाट बंद करतात, आणि उद्यानाच्या दाराशी असलेल्या स्प्रिंगडेल गावात पाण्यात चालण्याचे बूट, निओप्रीन मोजे आणि लाकडी काठी भाड्याने मिळतात. एका दिवसासाठी विकत घेण्याची गरज नाही. काठी अवश्य घ्यावी. गढूळ पाण्यात पुढचा दगड काठीलाच आधी कळतो.

सांदणला पावसाळ्यात उतरू नये, यात तडजोड नाही. आपल्या पूर्वजांनी आषाढापासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत विहार थांबवला, शत्रुंजयाची यात्राही त्या काळात बंद असते, आणि यात्रा पुन्हा सुरू होते त्याच सुमारास सांदणचे पाणीही ओसरू लागलेले असते. चातुर्मास पाळणाऱ्या घरात या बाबतीत वेगळा वाद घालावा लागू नये. अवकाळी पावसाचा अंदाज असेल तर जानेवारीतही बेत रद्द करावा, भरलेले पैसे गेले तरी.

काही वडीलधारी याहून पुढचा आक्षेप घेतात: शेवाळ अनंतकाय, पाणी अप्काय, करमणुकीसाठी त्यांवर पाय का द्यावा? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्यांना तो पटतो त्यांनी रतनगडाच्या कोरड्या वाटेने जावे. तेथून दिसणारा मुलूख काही कमी नाही. जे उतरतील त्यांनी निदान हिरव्या दगडाला वळसा घालून कोरडा, खडबडीत दगड शोधत जावे. चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकण्याची ईर्यासमिती साधूंसाठी सांगितली आहे; घळीत दोराचे शिक्षण देणारे तरुणही पहिल्या दहा मिनिटांत तेच सांगतात, फक्त शब्द वेगळे असतात. कातळटप्पा उतरताना पावले खांद्याइतकी फाकवून पूर्ण तळवा दगडावर टेकवावा, चवड्यावर उभे राहू नये, आणि नाड्यांची टोके आत खोवलेली असावीत. रात्रिभोजनाचा नियम असणाऱ्यांनी सूर्यास्तापूर्वी डेहण्याला पोहोचता येईल अशा बेताने पहाटे निघावे. अंधारात त्या धोंड्यांवरून चालणे कोणत्याही बुटाला झेपणारे नाही.

परत आल्यावर बूट गोड्या पाण्याने धुवावेत, आतली गादी काढून वेगळी ठेवावी, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि ते ओले झाले की बदलावेत. कडक उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नयेत, गोंद सुटतो. पंख्याखाली सावलीत दोन दिवस पुरेत.